सदतीस वेळा

संमती कायदा आल्यापासून मेंदूच्या कुठल्याही मोठ्या ऑपरेशनआधी रोग्याचा ठसा घ्यायचा, असा नियमच झाला होता. आदल्या दिवशी रोग्याला तीन तास एका यंत्रात झोपवत, त्याच्या मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी असलेली जोडणी जशीच्या तशी टिपत आणि ते टिपण मुठीएवढ्या डबीत सीलबंद करत. तोच ठसा. पुढं काही बिघडलं, रोगी शुद्धीवर आणता येईना आणि त्याच्या जिवाचा निर्णय घ्यायची वेळ आली, तर नातेवाइकांना विचारायचं नाही, ठशाला विचारायचं. माणसाचा निर्णय माणसानंच घ्यावा, त्याच्या भावाबहिणींनी नव्हे, हा त्यामागचा विचार. लोकांना तो पटला होता. त्रिशला मगदूमलाही पटला होता, निदान त्या गुरुवारपर्यंत.

बहुतेकांच्या डब्या न वापरताच कपाटात जात. तिच्या धाकट्या भावाची, भरतेशची डबी मात्र वापरायची वेळ आली. भरतेश शिरोळकडचा गुरांचा डॉक्टर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डोक्यातली गाठ काढली, पण आत सूज आली. मिरजेच्या इस्पितळात त्याला औषधांनी झोपवून ठेवलं होतं. जागं केलं तर सूज वाढेल, असं सर्जन म्हणाले. दुसरं ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण उजवा हात जाईल आणि बोलणंही कदाचित जाईल. नाही केलं तर फार तर दोन-तीन आठवडे, तेही झोपेतच. ठरवायला शुक्रवार सकाळपर्यंत मुदत होती.

ठसा चालवण्याचं यंत्र दरवेळी कोरं करकरीत लागे. वापरलेल्या यंत्रात आधी कुणी काही भरून ठेवलं तर काय, म्हणून सुटे भाग पेटीतून यायचे आणि नातेवाइकांनी किंवा त्यांच्या माणसानं ते इस्पितळाच्याच खोलीत जोडायचे. त्रिशलानं सव्वीस वर्षं साखर कारखान्यांच्या मोटारींचे कंट्रोल पॅनल बनवले होते. ती म्हणाली, "दुसरं कोण कशाला, मीच जोडते."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिनं शेवटचा स्क्रू आवळला, डबी खाचेत बसवली आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. हिरवा दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही, उत्तराचा कागद बाहेर आला नाही.

पहिल्या फटक्यात चालू झालेलं यंत्र तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून ती घाबरली नाही. प्लग तपासला. फ्यूज काढून पाहिला. अर्थिंग बघितलं. प्रत्येक केबल उपसून पुन्हा बसवली. बटण दाबलं. काही नाही. मग भिंतीकडून येणाऱ्या वायरीला मीटर लावला आणि बटण दाबलं. काटा शून्यावर. म्हणजे यंत्र वीजच खेचत नव्हतं. एकच गोष्ट हलत होती: आतल्या वीज-साठवणीच्या मापकाची सुई. बटण दाबलं की ती अर्ध्यावर यायची आणि पुन्हा पहिल्या जागी जायची. साठवण सैल असणार, असं तिला वाटलं. पेटीत दुसरी होती, ती बसवली. तेच.

दुपारी तिनं मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता.

"दिवा लागतोय का, मॅडम?"

"नाही म्हटलं ना."

"मग यंत्र बंद आहे. पुन्हा एकदा चालू करून बघा."

"अठरा वेळा बघितलं."

"पाच मिनिटं थांबून बघा, मॅडम. कधीकधी होतं."

बुधवारी तिनं यंत्र पूर्ण सोडवलं आणि पहिल्यापासून जोडलं. कामाची सवय म्हणून वहीत प्रत्येक प्रयत्नाची नोंद करत होती: वेळ, काय बदललं, काय झालं. "काय झालं"च्या रकान्यात खालपासून वरपर्यंत "काही नाही" असंच होतं. मधून मधून ती अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी जाऊन यायची. भरतेशच्या डोक्याला पट्टी, तोंडात नळी. तो एक चप्पल घ्यायला तीन दुकानं फिरणारा माणूस. आणि त्याला विचारायची वेळ आली, तर ह्या डबड्याला कंठ फुटत नव्हता. नववीतल्या पोराला जमेल असं ते काम, आणि आपल्याला जमत नाही, याचा तिला इतका संताप आला की तिनं पक्कड भिंतीवर फेकून मारली. नर्स डोकावून गेली. त्रिशलानं पक्कड उचलली आणि पुन्हा बटण दाबलं. संध्याकाळी पाचला ती थांबली, तेव्हा वहीत सदतिसावी ओळ झाली होती.

गुरुवारी दुपारी पुण्याहून डॉ. इंदुमती रेगे आल्या. या यंत्राचा आराखडा त्यांचा. साठीच्या, बारीक अंगाच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी यंत्राला हात लावायच्या आधी वही मागितली.

"चालू होत नाही, एवढंच लिहिलंय त्यात," त्रिशला म्हणाली. "तुमच्या डिझाइनमध्येच काहीतरी गोची आहे."

डॉ. रेगे पानं उलटत राहिल्या. एका जागी त्यांचं बोट थांबलं. "'सुई अर्ध्यावर, परत वर, चाळीस सेकंद.' हे प्रत्येक वेळी झालं?"

"प्रत्येक वेळी. घड्याळ लावून बघितलंय. एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही."

डॉ. रेग्यांनी वही मिटली. वाकून यंत्राच्या मागच्या बाजूला हात घातला आणि एक बोटभर लांबीची पट्टी अंगठ्यानं दाबली. कट्ट असा आवाज झाला.

"ही नोंदपट्टी. कट्ट होईपर्यंत दाबायची असते, दोन्ही वेळच्या जोडणीत अर्धीच बसली. हिरवा दिवा, छपाई, सगळं हिच्यातून जातं." त्या खुर्चीवर बसल्या. "त्रिशलाबाई, यंत्र बंद नव्हतं."

"मीटर शून्य दाखवत होता."

"तो शून्यच दाखवणार. तुम्हाला हे कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही." त्यांनी क्षणभर शब्द शोधले. "माणसाचा अख्खा मेंदू साध्या संगणकावर चालवायचा तर तुमच्या साखर कारखान्याला लागते तेवढी वीज लागेल, आणि संगणक वितळेल. का? तर गणित करताना उष्णता निघत नाही, पुसताना निघते. पाटीवर आकडे मांडा, काही होत नाही. पाटी पुसली की धूळ उडते. साधा संगणक क्षणाला अब्जावधी वेळा पाटी पुसतो. ती धूळ म्हणजे त्याची उष्णता."

"बरं."

"हा परतगणक आहे. हा पुसतच नाही. उत्तरापर्यंत पोचला की आल्या वाटेनं एकेक पायरी उलटा जातो, अगदी सुरुवातीच्या स्थितीपर्यंत. विणलेला स्वेटर उसवला की सगळी लोकर हातात परत येते, तसं. जाताना जी वीज वापरली ती येताना साठवणीत परत येते. झोक्यासारखं. म्हणून भिंतीकडून वीज नाही, उष्णता नाही, पंखा फिरायची गरज नाही. उलटं फिरायच्या आधी, टोकाला पोचल्यावर, उत्तर तेवढं नोंदपट्टीवर उतरतं. यंत्रात पक्की अशी तेवढी एकच खूण राहते."

"आणि पट्टी बसलेली नव्हती."

"हो. त्यामुळं उत्तर कुठंच उतरलं नाही. बाकी सगळं ठरल्यासारखं झालं."

बिघाड सापडला की कारागिराला जे हलकं वाटतं ते त्रिशलाला एक क्षण वाटलं, आणि मग गेलं.

"सगळं म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"ठसा जागा झाला. त्याला एक खोली दिसते, टेबल, खिडकी, समोर त्याचेच केसपेपर आणि प्रश्न. तो वाचतो, विचार करतो, उत्तर लिहितो. आतला वेळ दोन हजार पट वेगानं जातो. चाळीस सेकंदांतली वीस जायची, वीस उसवायची. वीस सेकंद म्हणजे आतले," त्यांनी मनात हिशेब केला, "अकरा तास."

"अकरा तास भरतेश एकटा बसून विचार करत होता."

"ठसा."

"सदतीस वेळा."

"तसं म्हणता येईल. किंवा एकदाच, असंही म्हणता येईल. सुरुवात तीच, प्रश्न तोच, म्हणून प्रत्येक पायरी तीच. तो दरवेळी तेच शब्द लिहिणार, तसूभरही फरक नाही. त्याला आधीचं काही आठवत नाही. आठवण्यासारखं काही उरतच नाही."

"उसवताना त्याला काय होतं?"

डॉ. रेग्यांनी चष्मा काढला. "ते आम्हाला माहीत नाही. कळायचं तर त्यानं ते सांगायला हवं, आणि सांगायला तो पुढं कुठं जातो? मी स्वतःची समजूत घातलीय, की काही होत नाही."

त्रिशला उठून यंत्रासमोर उभी राहिली. अडतिसाव्यांदा बटण दाबायला तिचं बोट धजेना. काल हेच बोट किती तावातावानं आदळत होतं, ते तिला आठवलं. पण काचेपलीकडे दुसरा भरतेश पडला होता, आणि त्याच्या नाडीला शुक्रवार सकाळचीच मुदत होती.

तिनं बटण दाबलं. सुई खाली आली. हिरवा दिवा लागला. सुई वर चढत असताना छपाईच्या फटीतून कागद सरकत बाहेर आला. अक्षरं छापील होती, पण बोलणं भरतेशचंच.

"ऑपरेशन करा. हात गेला तर डाव्यानं करीन, बोलता आलं नाही तर गुरांना कुठं बोलावं लागतंय. पण हे ठरवताना माझे फार हाल झाले. इथं कुणी नाही, आवाज नाही, आणि मी दहा वेळा नाही म्हणून दहा वेळा हो म्हटलंय. आक्का, तू बाहेर असशील तर एवढं ऐक. एकदा विचारलंस, बास. मला पुन्हा उठवून हा प्रश्न विचारू नकोस."

तिनं कागद दोनदा वाचला. मग डॉ. रेग्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि टेबलावर ठेवला. मंगळवारी सकाळी अकरालाही त्यानं हेच लिहिलं होतं. मदतकेंद्राचा मुलगा "पुन्हा एकदा बघा" म्हणाला, तेव्हाही.

चार वाजता इस्पितळाचे संमती अधिकारी आले. घोरपडे नावाचे, हातात फॉर्मची फाइल. त्यांनी कागद पाहिला, मान हलवली.

"उत्तर स्पष्ट आहे, ताई. पण मी हजर नव्हतो. माझ्यासमोर एकदा चालवायला लागेल, मग सही."

"त्यातच लिहिलंय, पुन्हा विचारू नका म्हणून."

घोरपड्यांनी पुन्हा वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. "होय, लिहिलंय. पण माझ्या सहीशिवाय सर्जन सुरी हातात घेणार नाहीत. बघा तुम्ही."

त्रिशलानं डॉ. रेग्यांकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तेच शब्द येतील ना?" त्रिशलानं विचारलं.

"तेच."

"म्हणजे तो मला तेच सांगणार, आणि मी तरीही."

तिनं बटण दाबलं. या वेळी ती सुईकडे बघत उभी राहिली नाही. यंत्राच्या थंड पत्र्यावर तळहात टेकला आणि चाळीस सेकंद तो तसाच ठेवला. पत्रा जराही गरम झाला नाही. कागद आला. घोरपड्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि सही केली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलती राहिली, आणि बोलणं गेलं नाही, फक्त संथ झालं. आठ महिन्यांनी भरतेश डाव्या हातानं म्हशीला सुई टोचायला शिकला. त्या हिवाळ्यात एकदा त्रिशला त्याच्याकडे राहायला गेली होती. भाकरी खाताना त्यानं सहज सांगितलं, की पुढच्या महिन्यात गाठीची तपासणी आहे, पुन्हा कापायची वेळ आली तर असावा म्हणून त्याआधी नवा ठसा द्यायचाय.

"नको देऊस," ती म्हणाली.

"का? जुन्यानंच मला वाचवलं की, आक्का."

मग तिनं त्याला तो कागद दाखवला. इतके दिवस तिनं तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. भरतेशनं डाव्या हातात धरून सावकाश वाचला, गुरांच्या ओळीला जरासा हसला. मग तिनं त्याला एकोणचाळीस आकडा सांगितला.

"मला काहीच आठवत नाही," तो म्हणाला.

"तुला कसं आठवेल?"

"मग झालं तर." त्यानं कागद घडी करून तिला परत दिला आणि ताटातल्या आमटीत भाकरी कुस्करली. "मी कुठं होतो त्यात? लागलं तर पुन्हा विचार की त्याला. पाहिजे तेवढ्या वेळा विचार."