पतंगाकृती खिडकीचं माप

अर्धवट वाळलेली खळ.

एका पायाने लंगडं स्टूल.

काच फुटलेली खिडकी, आकाराने पतंग — वरून बुटकी, खालून लांब.

कानामागे पेन्सिल खोचलेला एक अनोळखी माणूस.

"जरा टोक धरता का?" काचवाल्याने टेप पुढे केली.

मावशीच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणारी भाची हात पुसत स्टुलावर चढली. उभा कर्ण साठ सेंटिमीटर. मग आडवा. आता दोघं समोरासमोर... मध्ये जेमतेम चाळीस.

"साठ गुणिले चाळीस, चोवीसशे चौरस सेंटिमीटर काच," तो म्हणाला.

"त्याच्या निम्मे."

"निम्मे का?"

हा खरंच विचारतोय, की बोलणं लांबवतोय? तिला कळेना, आणि कळल्याशिवाय चैन पडेना.

तिने साठ बाय चाळीसचा खाकी कागद कापला, त्यात पतंग आखला आणि चारही कोपरे कातरले. "हे तुकडे आता पतंगावर बसवा."

"हा बसत नाहीये."

"फिरवून बघा ना. घाई आहे का?"

"मला? छे!"

शेवटच्या तुकड्यावर दोघांची बोटं एकदमच टेकली. पतंग पुरता झाकला गेला.

"अरेच्चा! म्हणजे बाहेर अजून एक अख्खा पतंग होता?"

"म्हणून बाराशे."

"अगं, काच बसवायची आहे की शाळा काढायची आहे?" आतून मावशी ओरडली.

त्याने टेप गुंडाळली. फारच सावकाश. "परवा काच बसवतो. अर्ध्या तासाचं काम. मग... इथलं संपलंच."

परवा. अर्धा तास. आणि त्यानंतर हा रस्त्याने नुसता जाणार, सगळे जातात तसा?

"काम नसलं तर कुठे जातच नाही का तुम्ही?"

"कुणी बोलावलं तर जातो की."

"बोलावलं," ती म्हणाली. इतक्या झटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. "उद्या या."

"उद्या काच तयार नसेल."

"नसू दे."

"मग मावशींना काय सांगू? कशाला आलो म्हणून?"

"माझ्याकडे आलो म्हणा."

तो हसला, दारात अडखळला, पुन्हा वळून हसला. "येतो. तुमच्याकडेच."

दोन्ही कर्णांची मापं मावशीने आदल्या रविवारीच त्याला फोनवरून कळवली होती, आणि तरीही मोजायला ये म्हणून सांगितलं होतं.