पहिल्या रांगेतला संशयित

चहाच्या टेबलाशी तो पहिल्यांदा दिसला, आणि दिसला तोच शिवलीलाच्या लॅपटॉपकडे टक लावून बघताना.

तिनं पटकन लॅपटॉप मिटला. "काही हवंय का?"

"न्हाय... म्हंजे, व्हय." तो गडबडला. उंच, सावळा, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी तशीच. "तुमी शिवलीला मॅडम न्हवं? मी अभिमन्यू, टेंभुर्णीचा. जरा बाजूला येता का? एकट्यातच बोलायचं हाय."

"एकट्यात बोलण्यासारखं आपलं काय आहे?"

"लॅपटॉप घेऊन या फक्त."

झालं! शिवलीलाच्या कपाळावर आठी चढली. तिला कारणही तसंच होतं. पुण्याच्या नोकरीत असंच एका गोडबोल्या सहकाऱ्यानं 'जरा लॅपटॉप दाखव' म्हटलं होतं, आणि पुढच्या महिन्यात तिचं काम स्वतःच्या नावावर खपवून बढती घेतली होती. ती चरफडत सोलापूरला परत आली आणि इथं दीड वर्ष खपून तिनं नवं काम उभं केलं. उजनीच्या काठच्या शेतकऱ्यानं घरबसल्या मोबाईलवरून मेसेज टाकला, की पाण्यावरची त्याची मोटार चालू. आज सॉफ्टवेअर डेव्हलपर्सच्या या परिषदेत, भरल्या सभागृहासमोर ती ते दाखवणार होती. आज जमलं, तर हे काम कुणाचं हे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नव्हतं. आणि नेमका आजच हा उपटला होता.

"इथंच बोला की, सगळ्यांसमोर."

त्यानं आजूबाजूला बघितलं. चार-पाच जण कप घेऊन घुटमळत होते. "सगळ्यांसमोर न्हाय बोलता येत, मॅडम. तुमच्या कोडबद्दल हाय. मी रोज वाचतो तो."

"रोज?" कोड तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता हे खरं, पण रोज वाचायला ते काय वर्तमानपत्र होतं? "कशासाठी?"

त्याचे कान लालेलाल झाले.

चोरी पकडली गेल्यावर माणूस असाच लाल होतो, असं शिवलीलानं ठरवून टाकलं आणि लॅपटॉप छातीशी धरून तरातरा आत गेली. चोराचे डोळे इतके भोळे कसे... असंही तिला वाटून गेलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

तिचं भाषण सुरू झालं तेव्हा महाराज पहिल्या रांगेत, अगदी कडेला बसलेले! नजर पडद्यावर खिळलेली, मांडीवरचे हात अस्वस्थ. एक-दोनदा त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली... नको, नको अशी. शिवलीलाचा आवाज आणखीच चढला. घाबरवतोय होय मला?

"आता प्रत्यक्ष कोडच दाखवते," ती म्हणाली आणि पान खाली सरकवू लागली.

तेवढ्यात तो उठला, दोन ढांगांत मंचाशी आला, आणि त्यानं प्रोजेक्टरची वायर उपटली.

पडदा काळा. सभागृहात एकच गलका.

"डोकं फिरलंय का तुमचं?" ती ओरडलीच.

तो जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "काल टाकलेल्या कोडमदी पासवर्ड तसाच ऱ्हायलाय. अजून जरा खाली गेला असता, तर सगळ्यांना दिसला असता. मग कुणीबी कुणाचीबी मोटार चालू करा, बंद करा."

तिनं लॅपटॉपवर पान आणखी खाली सरकवलं. होता. जिथं कधीच असू नये तिथं, ठळक. पासवर्ड कोडमध्ये ठेवू नये, हे या धंद्यात नवख्याला पहिल्याच दिवशी बजावतात. पण काल परिषदेच्या घाईत, तपासून बघायला सोपं पडावं म्हणून तिनं तो तात्पुरता लिहिला आणि काढायचाच राहिला.

"पाच मिनिटं द्या," ती माईकवर कशीबशी म्हणाली.

ती नवा पासवर्ड लिहू लागली. पहिल्या रांगेतले माना उंचावून बघायला लागले, तसा तो मधे येऊन उभा राहिला. आणि उभा राहिला तो तिच्याकडे पाठ करून. त्यालाही दिसू नये म्हणून. शिवलीलानं त्या पाठमोऱ्या शर्टाकडे क्षणभर बघितलं, आणि तिच्या आत काहीतरी सैल झालं.

भाषण छान झालं. टाळ्या तर थांबेचनात.

जेवणाच्या वेळी तो लिंबाच्या सावलीत एकटाच कडक भाकरी मोडत बसला होता. ती ताट घेऊन समोर जाऊन बसली.

"रोज का वाचता, ते राहिलंच की सांगायचं."

"तुमी कोडमदी मधे मधे शेरे लिहिता न्हवं..." तो ताटाकडे बघत म्हणाला. "'ही ओळ का चालते ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक, हात लावू नये.' वाचतो आन् एकटाच हसत बसतो. आई म्हणती, पोरगं येडं झालंय."

ती खळखळून हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणाला तरी गाडी कुठं लावायची ते हवं होतं.

"आयोजकांनी परिषदेच्या नोंदणीसाठी माझाच नंबर दिलाय," फोन ठेवत ती वैतागून म्हणाली. "सकाळपासून हेच. जाहिरातीत, वेबसाईटवर, सगळीकडे माझाच..." आणि ती थबकली. डोळे बारीक झाले. "म्हणजे तुमच्याकडेही होता."

तो भाकरीचा आणखी एक तुकडा मोडू लागला.

"पासवर्ड कधी सापडला तुम्हाला?"

"काल... सांच्याला."

"मग फोन का नाही केला?"

"रातभर बघत बसलो हुतो, कुणी मोटारीला हात लावतंय का. लावला असता तर त्याच घडीला केला असता, आईशप्पत." त्यानं मान वर केली. डोळे तसेच, भोळे. "पण फोन केला असता, तर तुमी धन्यवाद म्हणून ठेवून दिला असता. मग मी हितं कशापायी आलो असतो? चुकलं माझं. लई चुकलं."

"म्हणजे तुमच्या मनात काहीतरी आहे, हा माझा संशय काही खोटा नव्हता."

"न्हवता."

शिवलीलानं त्याच्या ताटात शेंगाचटणी वाढली. रागवायचं होतं तिला, खरंच रागवायचं होतं, पण ओठ ऐकेनात.

"पुढच्या वेळी चूक सापडली," ती म्हणाली, "तर आधी फोन करायचा. लगेच."

"व्हय."

"आणि..." ती भाकरीच्या तुकड्याकडे बघत राहिली. "नाही सापडली, तरी करायचा."