पावणेचारशेवर स्थिर

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. खरं सांगायचं तर, हे खोटं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

पण प्रशांतदादा माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा. रचून सांगायची त्याला सवय नाही. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडं बघत. मी ते तसंच सांगते.

साल १९९९. मे महिना. सांगलीजवळचं कुपवाड.

आणि वेळ रात्रीची नव्हती. टळटळीत दुपार होती.

कुपवाडच्या एमआयडीसीच्या कडेला दादाचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर. आसपासच्या कारखान्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायची, हा त्याचा धंदा. घरात तिघंच. दादा, लक्ष्मीबाई मावशी आणि धाकटी पिंकीताई. ताई तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचा हात असा चालायचा की निम्मी ड्रॉइंग तीच काढायची.

मशीनच दमायचं. पंपाचं एक चित्र पडद्यावर फिरवायचं म्हटलं, तर तेवढ्यात चहा पिऊन यावं.

पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानात दादाचा एक मित्र होता, बुद्धभूषण. त्यानं फोनवर युक्ती सांगितली.

"मदरबोर्डवर बारकी टोपी असती बघ, जंपर. ती सहासष्टवरनं शंभरवर सरकव. तुझा तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेनं पळंल."

"आन् बिघडला म्हंजे?"

"गरम लय होतोय गड्या. तेवढा गार ठेव. गार ऱ्हायला तर काय हुत न्हाई."

दादानं टोपी सरकवली. मशीन सुसाट पळालं... आणि दहाव्या मिनिटाला गोठलं, पडद्यावर काही हलेना. पुन्हा चालू केलं. पुन्हा गोठलं. प्रोसेसरवर उष्णता ओढून घ्यायला धातूचा एक ठोकळा असतो. त्याला बोट लावलं तर चटका बसला.

मोठा ठोकळा हवा होता. दादाला आकाराम आठवला. शेजारच्या फाउंड्रीत भट्टीवर कामाला असायचा. दादानं त्याला कागदावर आकृती काढून दिली.

दोन दिवसांनी आकाराम वर्तमानपत्रात गुंडाळून ठोकळा घेऊन आला. चांगला वीतभर, एकावर एक पात्या असलेला.

"भंगारातलं जर्मन वितळवून वतलंय," तो म्हणाला. आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. "चालंल न्हवं?"

न चालायला काय झालं? दादानं ठोकळा बसवला. वर पंखा लावला. वेग साडेचारशे केला.

मग चाचणी लावली. मोठमोठे गुणाकार करत राहणारा एक प्रोग्रॅम होता. चोवीस तासांत एकही चूक झाली नाही, तर मशीन स्थिर समजायचं.

दुपारी बाराला चाचणी सुरू झाली. ताई पडद्यासमोर बसली होती.

एक वाजता फाउंड्रीचा जेवणाचा भोंगा झाला.

आणि त्यापाठोपाठ...

टण्ण.

जेवणाच्या डब्याचं झाकण उघडावं तसा आवाज.

"आये, डबा काढलास का?" दादानं विचारलं.

मावशी तर आत गाढ झोपली होती.

आवाज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून आला होता.

दादानं बाजूचा पत्रा काढून बघितलं. पंखा बंद पडला होता. जराही घरघर नाही. म्हणजे आता ठोकळा तापून लाल व्हायला हवा. त्यानं भीतभीत बोट लावलं...

गार.

रांजणातल्या पाण्यासारखा गार. त्या मे महिन्याच्या दुपारी पात्यांवर दवाचे थेंब होते.

दादा म्हणतो, तेव्हाच मला भ्यायला हवं होतं. पण मला आनंद झाला.

"दादा," ताई म्हणाली, "माझं अंग भाजल्यावानी करतंय."

त्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला.

संध्याकाळी डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. ताप एकशे तीन. सकाळी एकशे पाच. मावशी कपाळावर ओली पट्टी ठेवायची, ती दोन मिनिटांत कोरडी व्हायची. मशीन बंद करायचं कुणाला सुचणार? ते कोपऱ्यात गुणाकार करत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाराला चोवीस तास भरले. पडद्यावर चुका... शून्य.

त्याच वेळी ताई झोपेत बोलली. आवाज तिचाच होता, पण जड. ओढून आणल्यासारखा.

"गार करा रं... गड्यांनो, मला गार करा..."

मावशीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. ताईनं जन्मात कुणाला गड्या म्हटलं नव्हतं.

दारात काहीतरी पडलं. आकाराम विचारपूस करायला आला होता. त्याच्या हातातली सायकलची किल्ली खाली पडली होती आणि तोंड पांढरंफटक झालं होतं.

"ह्ये... ह्ये शिद्धू बोलायचा," तो म्हणाला.

"कोण शिद्धू?"

"आमच्या भट्टीवरचा शिद्धू. गेल्या उन्हाळ्यात अंगावर वितळलेल्या धातूचा रस सांडला त्येच्या. तीन दिस दवाखान्यात व्हता. ह्येवढंच बोलत व्हता. मरस्तवर."

आकाराम उंबऱ्यावरच बसला.

"त्येचा जेवणाचा डबा फाउंड्रीतच ऱ्हायला. वरीसभर कुणी न्हेला न्हाई. जर्मनचा व्हता. म्या भंगार म्हणून टाकला भट्टीत. मला काय ठावं, आवं मावशी, मला काय ठावं?"

दादा उठला आणि त्यानं मशीन बंद केलं.

ताप उतरला. दहा मिनिटांत अंग निवलं. मावशीनं हात जोडले.

पण ताप उतरतच राहिला...

थर्मामीटरचा पारा वर चढेना. ओठ निळे पडले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मावशी घरातल्या सगळ्या वाकळा तिच्या अंगावर टाकत होती. दादानं मनगट धरलं. नाडी कधी लागायची, कधी नाही.

"प्रशांत, कायतरी कर रं!"

काय करणार? आकाराम डॉक्टरांकडं धावला, तर दवाखान्याला कुलूप.

दादाला आजही सांगता येत नाही की ते त्याला का सुचलं. त्यानं मशीनचं बटण दाबलं.

ताईनं श्वास घेतला.

थोड्या वेळात गाल लाल झाले. मग कपाळ तापलं. पुन्हा एकशे तीन, एकशे चार.

दादानं मशीन बंद केलं आणि टोपी मूळच्या जागी, तीनशेवर आणली. चालू केलं. ताप गेला, पण ताई गारठली. डोळे अर्धे उघडे. ओळख नाही.

साडेचारशेवर ती जळत होती. तीनशेवर विझत होती.

सहासष्ट आणि शंभरच्या मधली एकच जागा होती. त्र्याऐंशीची. टोपी दोनदा खाली पडली. शेवटी ती बसली. वेग झाला पावणेचारशे.

थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

ताई उठून बसली. "आये, भूक लागलीया," म्हणाली.

दादाच्या जुन्या कॅबिनेटवर पुढं एक लहानसा दिवा होता. त्यात तीन आकडे दिसायचे. त्याचा खऱ्या वेगाशी काही संबंध नसतो. मागच्या पिना जशा लावाल तसे आकडे दिसतात. दादानं त्या पिनांना कधी हात लावला नव्हता.

दिव्यात ३७५ दिसत होतं.

त्यानं ठोकळा काढायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पेचकस स्क्रूला नुसता टेकला, तर आत स्वयंपाकघरात ताई किंचाळली. पुन्हा त्यानं धाडस केलं नाही.

मावशीनं भंतेजींना बोलावलं. घरात परित्राणपाठ झाला. आकाराम औंधला यमाईकडं नारळ ठेवून आला. तो एकटा बसून रडायचा, असं त्याची बायको सांगायची. दिव्यातला आकडा हलला नाही.

मशीन बंद करता येत नव्हतं. घराला टाळं लावून तिघांना कुठं जाता येत नव्हतं. वीज जाईल म्हणून दादानं यूपीएस आणला. तो फार तर वीस मिनिटं टिकायचा.

जूनमध्ये एका दुपारी वीज गेली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. यूपीएस शिट्ट्या मारू लागला. आकाराम जनरेटर बघायला फाउंड्रीत पळाला. तो बिघडलेला होता.

ताई मावशीचा हात धरून खुर्चीवर बसली होती. "दादा, घाबरू नगंस," ती म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर त्यालाच धीर देत होती. आणि तो, जो सगळ्या कुपवाडच्या मशीनांची ड्रॉइंग काढायचा, नुसता समोर बसून होता.

शेवटची शिट्टी झाली.

पडदा काळा पडला.

दादानं डोळे मिटले...

"दादा," ताई हळूच म्हणाली. "मला कायबी झालं न्हाई."

त्यानं डोळे उघडले. दिव्यात ३७५ तसंच होतं. तो टेबलाखाली शिरला. वायर भिंतीतून उपसून काढली.

३७५.

त्या दिवसापासून ते मशीन विजेशिवाय चालू आहे. कशावर, ते कुणाला माहीत नाही. ते चालू ठेवणं कुणाच्या हातात नाही, आणि बंद करणंही.

पुढं ते सगळे सांगलीत राहायला आले. कुपवाडच्या खोलीला कुलूप लागलं. ताईचं लग्न झालं, ती रहिमतपूरला गेली. दोन मुलं झाली. तिला सगळं ठाऊक आहे. एकदा ती दादाला म्हणाली होती, "कवातरी थांबंलच की ते. तू तरी काय करणार?" त्यावर दादा उठून बाहेर गेला होता.

मावशी गेली. दादा आता त्या खोलीकडं फिरकत नाही. मागच्या मे महिन्यात शेजाऱ्यांनी कळवलं, की खोलीचं छप्पर खचलंय. दादानं किल्ली माझ्या हातात दिली.

मी भर दुपारी गेले. आत धुळीचा थर. वायर जमिनीवर, उंदरांनी कुरतडलेली. खोलीत माघातल्या पहाटेसारखा गारवा होता. आणि कोपऱ्यात तो दिवा लागलेला.

मी काचेवरची धूळ पुसली. मग पदरानं पुन्हा पुसली.

३६१.

मी दादाला सांगितलेलं नाही. सांगून तो काय करणार?

बाहेर येऊन मी रहिमतपूरला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, तब्येत कशी आहे?

"बरी हाय की," ताई म्हणाली. "जरा हुडहुडी भरती हल्ली. स्वेटर घालून बसलीया बघ."

तिच्यामागं तिची मुलं ओरडत होती. लय उकडतंय म्हणत होती, पंखा लाव म्हणत होती.