तिसऱ्या वळणावर इंजिन बंद

माझा धाकटा भाऊ प्रफुल पुण्याला नोकरीला आहे. २००५च्या एप्रिलमध्ये तो चंद्रपूरकडच्या आमच्या सावली गावी आला तेव्हा मला वाटलं खायला काही आणलं असेल. त्याने आणलं होतं एक मोठं खोकं. आत गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम, एक खरंखुरं स्टेअरिंग, आणि पायाशी ठेवायला ब्रेक नि अ‍ॅक्सिलरेटर. स्टेअरिंगच्या पोटात मोटर होती. पडद्यावर चाक खड्ड्यात गेलं की हाताला हिसका बसायचा.

"बाबांसाठी आहे," तो म्हणाला. "तू शिकव."

बाबा सत्तावीस वर्षं बसचे ड्रायव्हर. पण दोन वर्षांपासून ते डेपोच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत होते, कारण स्टेअरिंग धरलं की त्यांचे हात थरथरायचे. तीस मेला शेवटची ट्रायल होती. पास झाले तर पुन्हा गाडी, नाहीतर रिटायर होईपर्यंत गेट. "गेटवरून रिटायर नाई व्हायचं मले," एवढंच बोलून ते अर्ध्या ताटावरून उठायचे. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

थरथर कुठून आली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चंद्रपूरहून मूलकडे येताना जंगलात एक वळण आहे, तिथे रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडतो. बाबांची रीत अशी, की गवे दिसले की इंजिन बंद करायचं, हॉर्नला हात लावायचा नाही, आणि शेवटचा पलीकडे जाईपर्यंत मोजत बसायचं. त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता. प्रवासी कटकट करत होते, कंडक्टर केवळराम "चला लहानूभाऊ, झालं" म्हणत होता. अकरा गवे गेले आणि बाबांनी गाडी काढली. बारावं पिल्लू होतं.

बसमध्ये कोणाला खरचटलंही नाही. पण पिल्लाची आई मागे फिरली, बससमोर येऊन उभी राहिली आणि काचेला नाक लावून बाबांकडे बघत राहिली. तिच्या श्वासाने काच धुरकटली. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं.

मी गावात कॉम्प्युटर क्लास घेते. सांगितल्याशिवाय मशीन काही करत नाही, हे दिवसातून दहा वेळा पोरांच्या डोक्यात घालते. त्यामुळे पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटते, पण जसं झालं तसं सांगते.

पहिल्या दिवशी बाबा लोखंडी खुर्चीवर बसले आणि भांडायलाच लागले. "याले क्लच कुठी हाये? हे कोणच्या गावची गाडी?" मी त्यांना जंगलातला रस्ता लावून दिला. कुठल्या तरी थंड देशातला, दोन्ही बाजूंना सुईसारख्या पानांची झाडं. हात थरथरत होते, पण गाडी सरळ जात होती. तिसऱ्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि की-बोर्डवरचं बटण दाबून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"जाऊ दे न त्याईले."

रस्ता रिकामा होता. बाबांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अकरा," आणि खुर्चीवरून उठले.

रोज तेच. तिसरं वळण, इंजिन बंद, अकरा, आणि उठणं. मी ती शर्यत स्वतः वीसेक वेळा चालवली. वळण रिकामं, झाडं मुकी. तरी बाबा थांबले की मी भिंतीवरचं घड्याळ बघायचे. चार मिनिटं जायची. गेममधलं घड्याळ मात्र थांबलेलं असायचं. प्रोग्राममध्ये चूक असेल, मी मनाशी म्हटलं.

मग एका दुपारी इंजिन बंद झाल्यावर स्पीकरमधून वानर खाकरलं. त्या थंड देशात वानरं नसतात, एवढं मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी आई दारात येऊन उभी राहिली. पदराने नाक पुसत म्हणाली, "रिना, गोठ्याचा वास कुठून येऊन राह्यला वं? आपल्या घरी ना गाय, ना म्हैस."

वास मलाही येत होता, कूलरच्या वाळ्याच्या वरताण.

"बाबा, पुढे चला ना," मी शेवटी रडकुंडीला आले. "चार दिवसांवर ट्रायल आलीये. इथेच अडकलात तर तिथे काय करणार?"

"बारावं आल्याबिगर कसा जाऊ?"

एकोणतीस तारखेला मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले. तिसरं वळण आलं. इंजिन बंद.

स्टेअरिंग हादरलं. जड, सावकाश. मग पुन्हा. कोणीतरी वजनदार, अगदी जवळून जात होतं. बाबांनी मोजायची गरज नव्हती, मीच मोजत होते.

अकरा.

मग काहीच नाही. कूलरचं पाणी ठिबकत होतं. बाबांचे हात माझ्या हाताखाली पानासारखे थरथरत होते.

"ये बापू," बाबा पडद्याला म्हणाले. "ये. मी थांबलो हाओ."

टक. टक टक. टक.

हलके, अडखळते पाय. डावीकडून उजवीकडे.

मी श्वास सोडला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्या हाताखालचे हात स्थिर होते. बाबांनी इंजिन चालू केलं आणि शर्यत पुरी केली. मला भीती वाटली नाही. मला पडद्याला हात जोडावेसे वाटले.

तीस तारखेला भर दुपारी बाबा घरी आले. पास झाले होते. आईने पाणी दिलं, ते एका दमात प्यायले.

"ट्रायल मूलच्या रस्त्यालेच होती," ते म्हणाले. "त्या वळणावर थांबलो मी. साहेब म्हणे, काऊन थांबले? लय वेळ पाह्यलं. कोणी नाई आलं." त्यांनी गिलास खाली ठेवला. "केवळराम सांगे, महिना झाला, तिथी कळप दिसलाच नाई कोणाले."

मग ते आतल्या खोलीकडे बघत राहिले.

मी आत गेले. भारनियमन होतं, सकाळपासून लाईट नव्हती. कॉम्प्युटर आदल्या दिवसापासून बंद होता. काळ्या पडद्यावर वाफेचा एक डाग दिसला, ताटाएवढा. मी ओढणीने पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला. ओल काचेच्या आतल्या बाजूला होती.

त्या डागाच्या खाली आणखी एक होता, वाटीएवढा. दोन्ही आकसत होते, पसरत होते. लहान जरा भरभर.