पाच गॉज आत

"सर, थांबा! मोजणीत पाच गॉज कमी आहेत."

नव्या सिस्टरचा या ऑपरेशन थिएटरमधला पहिलाच दिवस. समोरच्या सर्जनचे मास्कवरचे दोन डोळे, एवढीच काय ती ओळख.

"कमी नाहीत. आत आहेत. मुद्दाम ठेवलेत."

"मुद्दाम?... आणि पोट?"

"उघडंच राहू दे. वरून झाकू."

याचं डोकं ठिकाणावर आहे ना? टेबलावरच्या टेम्पोवाल्याचं लिव्हर अपघातात फाटलेलं, आणि हा तासाभरात हात झटकून मोकळा!

"त्याचं अंग गार पडलंय, रक्त गोठायचं थांबलंय. आत्ता शिवत बसलो तर शिवण सुबक होईल अन् माणूस जाईल. गॉजच्या घड्या दाबून रक्तस्राव थांबवलाय. आयसीयूत ऊब मिळू दे, परवा पुन्हा उघडू... तुम्ही असाल ना?"

डोळे हसले की काय? तिने गोंधळून मोजणीच्या फळ्यावर 'पाच आत' असं लिहून घेतलं.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. टेम्पोवाल्याचा, गॉजचा, की त्या डोळ्यांचा — तिचं तिलाच उमगेना. काहीतरी निमित्त काढून ती सारखी आयसीयूत डोकवायची.

दुसऱ्या दिवशी चहाच्या रांगेत मागच्या तरुणापाशी तिने मन मोकळं केलं. "एक सर्जन आहेत. ऑपरेशन अर्धवट सोडून मोकळे! माणूस दगावला तर?... डोळे तेवढे छान आहेत मेल्याचे."

तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "दगावला तर झोप लागणार नाही, सिस्टर. आत्ताही लागत नाहीये."

तो आवाज! धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. चहा तिथेच टाकून ती पळाली.

तिसऱ्या दिवशी पोटावरचं आवरण निघालं. एक... दोन... तीन... चार... पाचवा गॉज लिव्हरच्या मागून अलगद बाहेर आला. रक्त वाहत नव्हतं.

"मोजणी बरोबर, सर," ती कशीबशी म्हणाली. मग पोट शिवलं गेलं. टेम्पोवाला वाचला होता.

बाहेर हात धुताना तो शेजारी येऊन उभा राहिला, मास्क उतरवून. "अजून राग आहे?"

"माहीत नाही. राग असता तर तुमची ड्युटी कधी असते हे विचारत फिरले नसते ना... आणि राग नसेल, तर मग हे काय आहे?"

"मलाही तेच कळत नाहीये." त्याचे कान लाल झाले. "पोट उघडताना माझा हात कधी कापत नाही. आत्ता... बघा."

खरंच कापत होता. तिने तो ओलाच हातात घेतला, आणि आता दोघांचेही हात कापू लागले.