आत गेलेला चेहरा

आमचे हे सातारा-विटा मोटारीवर कंडक्टर. ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली. हे घरी यायचे ते काजळी फासूनच. दिवसभर लोकांचे पैसे हातातून जायचे आणि त्यात एखादं बिघडलेलं नाणं दिसलं की स्वारी खूश. स्वतःचं चांगलं नाणं पिशवीत टाकायचं आणि बिघडलेलं घरी आणायचं. भोकाचा पैसा, पण भोक मधोमध नाही, कडेला फुटलेलं. दोनदा छाप बसलेला आणा. घरात रॉकेल नाही, साखर नाही, आणि हे जेवण निवत ठेवून भिंग घेऊन बसलेले.

“अवं, वाण्याला दिलं तर तोंडावर फेकंल हे!”

“वाण्याला द्यायला आणलंय व्हय? अगं अंजना, टाकसाळीतनं लाखात एखादंच असं सुटतं.”

“मग त्या टाकसाळीला म्हणावं, आमची चूल बी तूच पेटव.”

ते हसायचे. मला मेलं हसूच येत नसे.

यांचा मावसभाऊ आकाराम विट्याचा. मद्रासकडे चांदी गाळायच्या दुकानात असायचा. प्रकृती बिघडली म्हणून गावी परतला आणि तेच काम घरी करू लागला. गाळायला आलेल्या चांदीत त्याला एक रुपया दिसला, तो त्यानं यांच्यासाठी बाजूला ठेवला. एका बाजूला नेहमीचा राजा, मुकुट घातलेला. दुसऱ्या बाजूलाही तोच, पण उलटा आणि आत गेलेला. ओल्या मातीत कुणी तोंड दाबून उचलावं तसा. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्यावर असं होतं, असं यांनी मला समजावलं. मी भांडी घासत होते.

त्या खोल चेहऱ्याची एक खोड होती. आपण सरकलो की तोही मान वळवल्यासारखा वाटायचा. उजेडाचा खेळ, असं हे म्हणत.

शेजारच्या खोलीत हरणाबाई राहायची. मेढ्याकडची. तिचा एकुलता एक मुलगा नाथाजी ब्रह्मदेशात लढायला गेला आणि बेपत्ता झाला. जिवंत की मेला, कुणी सांगेना. ती एकदा विस्तव मागायला आली आणि फळीवरचा रुपया तिनं उचलला. आतल्या चेहऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

“अंजना… ह्यो माझा नाथा हाय.”

“मावशी, राजा हाय त्यो. इंग्रजांचा.”

“वरचा राजा. आतला नाथा.”

मग ती रोज येऊ लागली. रुपया हातात घेऊन उंबऱ्यात बसायची, मध्येच कानाला लावायची. माझं सारवण, निवडण, पाणी भरणं सगळं तिला ओलांडून. तिनं स्वतःची चूल पेटवणंही सोडलं. यांना सांगावं तर यांना उलट आनंद, नाण्याची कदर करणारं कुणीतरी भेटलं म्हणून!

एका दुपारी माझं डोकंच फिरलं. मी कणीक मळत होते. तिच्या हातातून रुपया ओढून घेतला.

“बघा मावशी. कणकेत राजा उठला तर उद्यापासनं यायचं न्हाई. कबूल?”

खोल बाजू खाली करून मी रुपया दाबला आणि अलगद उचलला.

मुकुट नव्हता. बारीक कापलेले केस, बाहेर आलेले कान, कोवळ्या पोराचं तोंड. ओठ जरासे विलगलेले.

मी कणीक सारखी केली आणि पुन्हा दाबला. तोच चेहरा. या खेपेला तोंड जास्त उघडं होतं. कणकेला वास यायला लागला… साचलेल्या पाण्याचा, कुजक्या पानांचा. हरणाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं.

“थांब… बोलाय लागलाय…”

मी तो सगळा गोळा उकिरड्यावर फेकून आले.

संध्याकाळी यांना सांगितलं. “कणीक सैल झाली असंल,” हे म्हणाले. मी नवा गोळा पुढ्यात ठेवला. त्यांनी दाबला, उचलला, बघत राहिले. मग हात पुसत म्हणाले, “उद्या आकारामकडं जाऊ.” लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वाद घातला नाही.

विट्याला पोचलो तर आकाराम कुरकुरला. “एवढा जपून ठेवला तुझ्यासाठी, आन् गाळाय आणलास व्हय रं?” तरी त्यानं भट्टी फुलवली. मुशीत रुपया कडेनं मऊ झाला. वर होती ती खोल बाजूच. सगळी चांदी हलायला लागली तरी तो चेहरा तसाच… मग तोही गेला. ओतलेली कांब साफ निघाली. मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

परत आलो तेव्हा हरणाबाई आमच्या दारात बसली होती. आता रडेल, भांडेल, या तयारीनं मी पदर खोचला. ती मात्र शांत होती. तिनं आंघोळ केली होती, केस विंचरले होते.

“सांगून गेला त्यो,” ती म्हणाली.

“काय सांगून गेला?”

तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. हे पायरीवर वाकून वहाणा काढत होते. तिनं पदर पुढं ओढून घेतला.

“तुला न्हाई सांगायचं म्हनालाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं दार वाजवलं. “अंजना, मालक उठलं का?”

“व्हय की. चहा घेत्यात.”

“उठलं?” ती नवल करत परत गेली.

तेव्हापासून रोज तेच. लढाई संपली, पलटणी घरी आल्या, तरी हिचा प्रश्न संपेना. एकदा मी वैतागून ओरडलेच. “अवं मावशी, रोज उठून काय इचारता हे?”

“चुकलं माझं,” ती समजुतीनं म्हणाली. “उद्या इचारते.”

आजही आली होती. हल्ली मी तिला लगेच उत्तर देत नाही. आधी आत जाऊन बघून येते.