कासारगडचा कडा

पाडव्याच्या पहाटे कासारगडाचा कडा धुक्यातून वर आला, तेव्हा खालच्या पेठेत घरोघर गुढ्या उभ्या राहत होत्या, आणि गडाचा नाईक हैबती शेलार घोंगडीत गुंडाळलेल्या एका माणसाला सांभाळून दिंडी दरवाजातून खाली आणत होता.

तो भिकाजी. हिवाळ्याच्या तोंडी कंपनी सरकारने समुद्रापलीकडे इराणशी लढाई काढली आणि कासारगडच्या राजेसाहेबांनी, कंपनीची मर्जी राहावी एवढ्यासाठी, संस्थानातले चाळीस गडी जहाजावर चढवले. भांडण कंपनीचं, मढी आमची. चाळिसांतला एकटा भिकाजी परतला, दोन्ही हात कोपरापासून गमावून. पण दुसरी तुकडी भरायची होती, म्हणून कारभारी गोविंदपंतांनी त्याला परस्पर गडावर कोंडलं आणि गडी सुखरूप असल्याची दवंडी पिटवली. रांडाव झालेल्या बाया कुंकू लावून गुढीला नैवेद्य दाखवत होत्या.

त्याच सकाळी पेठेतल्या वाड्याच्या चौकात, सगळ्या गावासमोर, राजेसाहेबांचा दरबार भरला. रिवाज असा, की मोहिमेचा विडा तबकात मांडायचा. मानकऱ्याने तो उचलला की त्याच्यामागे उभ्या जवानांनी मागे फिरायचं नाही. पंतांचा डाव त्यावरच बेतलेला; दुसऱ्या तुकडीचे जवान त्यांनी हैबतीमागे उभे केले होते.

"नाईक, विडा घ्या," पंत म्हणाले, आणि आवाज उतरवून पुढे बोलले, "तुम्हांला कुठं जायचंय? तुम्ही गडावरच."

हैबतीने तबक उचललं आणि भिकाजीपुढे धरलं.

"मुजरा, महाराज. मागल्या खेपेचा मानकरी हाच, विडा ह्यानं उचलला. आज पुन्हा उचलायला सांगा."

भिकाजीची घोंगडी खांद्यावरून घसरली. सबंध दरबार त्या थोटकांकडे बघत राहिला.

"आमचा रामजी कुठाय रं?" चौकातून एका बाईने विचारलं.

"समदी तिथंच ऱ्हायली, काकी. मातीबी कुणी दिली न्हाई."

बायांनी तिथल्या तिथे बांगड्या फोडल्या. दुपारच्या आत पेठेतल्या गुढ्या उतरल्या. विड्याला कोणी शिवलं नाही.

राजेसाहेब आत निघून गेले. पंतांनी वाड्याचे दरवाजे लावून घेतले. उन्हं कलताना जवानांना दोरखंडाने बांधून कड्यावर नेलं, तेव्हा शिपायांनी हैबतीला आधीच टोकाशी उभं केलं होतं.

"नाईकाला जो लोटील त्याला लढाई माफ," पंत म्हणाले. "बाकीचे उद्या बंदराला."

कोणी हललं नाही. मग गुरवाचा सिदू पुढे झाला. विधवेचा एकुलता एक. शिपायाने त्याचा दोर कापला.

"मामा, आई एकटी हाय माझी."

"ठावं हाय मला," हैबती म्हणाला. "चल, जोर लावून लोट. अर्धवट नगं."

भिकाजीला पंतांनी पुन्हा कोंडलं; तो पावसाळ्याआधीच मेला.

सिदूला लढाई माफ झाली. बाकीचे जवान बंदरावर जहाजाची वाट बघत पडून राहिले, आणि तेवढ्यात इराणशी तह झाल्याची खबर आली. कंपनीला आता त्यांचं काम उरलं नव्हतं. शिधाही न देता तिने त्यांना हाकलून दिलं. सगळे धडधाकट परतले. वेशीवर बाया आरत्या घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांत सिदूची आई होती. एकेकावरून तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

शेवटी सिदूही त्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला, मान खाली घालून.

"तू रं कुठून आलास?" आई म्हणाली.